फुरशाचा नकाशा : सड्यावर साप कुठे, आणि धोका कुठे?

रत्नागिरीच्या सड्यावर काम केलेल्या माणसाला फुरसे कुठे सापडते, असे विचारले तर एकच उत्तर मिळते : "दगड उचलाल तिथे." बागेत कलमांची बेणणी करणाऱ्याला एवढी माहिती पुरेशी आहे. पण कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या ठेवायच्या, कोणत्या वाडीवर रात्रीची रुग्णवाहिका आधी पोहोचली पाहिजे, हे ठरवणाऱ्याला ते उत्तर पुरत नाही. त्याला नकाशा लागतो.

हा प्रश्न आता पुढे येण्याचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्व राज्यांना सर्पदंश हा 'नोंद बंधनकारक' विषय करावा, असे कळवले. म्हणजे दंशाची प्रत्येक घटना सरकारदरबारी नोंदली गेली पाहिजे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक ग्रामीण भागातले. हा आपल्याच शेतातला प्रश्न आहे.

नोंदी वाढल्या की नकाशे तयार होतील. साप कुठे राहू शकतो याचे संगणकीय अंदाज बांधण्याची पद्धत जगभर रुळली आहे. आपल्या जिल्ह्यासाठी असा नकाशा कसा बनतो, कुठे फसतो आणि बागायतदाराला त्याचा काय उपयोग, हे या लेखात पाहू.

पद्धत ओळखीचीच आहे

हापूस कुठे चांगला येतो हे आपण कसे ठरवतो? जिथे तो उत्तम येतो त्या जागा पाहतो. तिथला पाऊस, तापमान, समुद्रापासूनचे अंतर, जमिनीचा निचरा लक्षात घेतो. मग तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे ते शोधतो. सापाच्या अधिवासाचे मॉडेल हेच करते. एका बाजूला साप प्रत्यक्ष सापडल्याच्या नोंदी, अक्षांश-रेखांशासह. दुसऱ्या बाजूला त्या जागांची पर्यावरणीय माहिती. संगणक या दोन्हींचा मेळ घालतो आणि उरलेल्या भूभागातील प्रत्येक चौकोनाला शून्य ते एकच्या दरम्यान गुण देतो. एकच्या जवळ म्हणजे परिस्थिती अनुकूल, शून्याच्या जवळ म्हणजे प्रतिकूल.

यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी 'मॅक्सएंट' ही प्रणाली २००६ मध्ये फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांनी मांडली. ती मोफत मिळते. तिचा मोठा फायदा म्हणजे 'इथे साप नाही' अशी नोंद तिला लागत नाही, फक्त 'इथे होता' एवढे पुरते. सापाच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे. दगडाखाली दिवस काढणारा प्राणी दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हवामानाची माहिती बहुतेक वेळा 'वर्ल्डक्लिम' या जागतिक संचातून घेतात. त्यात तापमान आणि पावसावर आधारित १९ घटक असतात : वार्षिक पाऊस, सर्वांत कोरड्या तिमाहीतील पाऊस, सर्वांत उष्ण महिन्याचे कमाल तापमान इत्यादी. त्याचा सर्वांत बारीक चौकोन साधारण एक किलोमीटर बाजूचा असतो. हा आकडा लक्षात ठेवा. रत्नागिरीत गाडे इथेच अडते.

पहिली अडचण : पाऊस

फुरसे हा मुळात कोरड्या मुलखाचा साप. राजस्थान, गुजरात, मराठवाडा, तमिळनाडूचा कोरडा भाग ही त्याची ओळखीची घरे. आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. देशभरातील नोंदी घेऊन केवळ वार्षिक पावसावर मॉडेल चालवले, तर ते सहज म्हणेल की हा जिल्हा फुरशासाठी फारसा योग्य नाही.

प्रत्यक्षात काय आहे? इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी कुप्रसिद्ध होता. सरकारने साप मारणाऱ्याला बक्षीस लावले होते. डिसेंबर १८६२ मध्ये बक्षिसाची रक्कम मिळते म्हटल्यावर लोकांनी आठवडाभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एवढे मारूनही फुरसे संपले नाही, हे त्या मोहिमेचे खरे फलित.

मग विसंगती कुठे आहे? ती सड्याच्या जांभ्यात आहे. इथला पाऊस चार महिन्यांत पडतो आणि कातळावरून वाहून जातो. माती थोडी, मुरण कमी. ऑक्टोबर सरला की सडा वाळू लागतो आणि फेब्रुवारीपासून तापतो. सात-आठ महिने ही जागा एखाद्या कोरडवाहू माळासारखी असते. वर सुटे दगड, भेगा, गवताचे पुंजके, त्यांच्या आश्रयाला विंचू, गोम, पाली, बेडूक, लहान उंदीर. फुरशाला हवे ते सगळे. साप वार्षिक सरासरीत राहत नाही, दगडाखालच्या वीतभर जागेत राहतो. म्हणून मॉडेलमध्ये वार्षिक पावसापेक्षा कोरड्या महिन्यांतील पाऊस, उघड्या कातळाचे प्रमाण, जमिनीची खोली हे घटक जास्त बोलके ठरतील. कोणता घटक घ्यायचा हे संगणक सांगत नाही, मुलूख माहीत असलेल्या माणसाने सांगायचे असते.

दुसरी अडचण : एक किलोमीटरचा चौकोन

राजापूर किंवा लांजा तालुक्यातील कोणताही एक किलोमीटरचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. वर सडा. उतारावर काजू आणि रायवळ आंबे. खाली वाडी, माड-पोफळीची आगरे, वहाळ, भातखाचरे. काही ठिकाणी त्याच चौकोनात खाडीचा काठही येतो. वर्ल्डक्लिमच्या दृष्टीने हे सगळे एकच हवामान, एकच गुण. पण सड्यावरच्या नव्या कलमबागेतील मजुराचा धोका आणि वहाळाकाठच्या पोफळीच्या आगरातील माणसाचा धोका वेगळा आहे. खाली भातखाचरात आणि पेंढ्याच्या उडवीभोवती घोणस, नाग, मण्यार यांची गाठ पडते. झाडोऱ्यात चापडा भेटतो. या सगळ्यांचा एकच 'साप नकाशा' काढणे म्हणजे भात, नाचणी आणि आंब्याला एकच खतमात्रा सांगण्यासारखे आहे.

यावर उपाय आहे. युरोपियन अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर चौकोनाची छायाचित्रे मोफत मिळतात. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्यानंतरच्या चित्रांची तुलना केली, की उघडा कातळ, गवताळ सडा, बाग आणि खाचर वेगळे ओळखू येतात. उंची आणि उताराची ३० मीटरची माहितीही उपलब्ध आहे. म्हणजे अडचण साधनांची नाही. ढोबळ जागतिक संच उचलून जिल्ह्याचा निष्कर्ष काढण्याच्या घाईची आहे.

तिसरी अडचण : नोंदी कोणी केल्या?

मॉडेलला खाऊ घातलेल्या नोंदी बहुधा सर्पमित्रांच्या आणि छायाचित्रकारांच्या असतात. सर्पमित्राला फोन येतो तो शहरातून, महामार्गाजवळच्या वस्तीतून, जिथे नेटवर्क आहे तिथून. सड्यावर दगडाखाली दिसलेल्या फुरशासाठी कोणी फोन करत नाही. त्यामुळे नकाशावर मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फुरशी दाट आणि आतल्या सड्यावर विरळ दिसू शकतात. तो सापांचा नकाशा नसतो, फोनचा असतो.

तज्ज्ञ यासाठी गणितात दुरुस्ती करतात. पण सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे आतल्या गावांतून नोंदी येणे. सर्पदंशाची नोंद बंधनकारक करताना आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत फक्त रुग्णाच्या गावाचे नाव लिहिले जाऊ नये. दंश नेमका कुठे झाला (घर, खाचर, बाग, सडा), कोणत्या वेळी, कोणते काम करताना, हे चार शब्द आले तर पाच वर्षांत जिल्ह्याला कामाचा नकाशा मिळेल. १८६२ च्या बक्षिसाच्या हिशेबात आकडा मिळाला. कोणत्या सड्यावरची किती, हे कळले असते तर आज त्याचा उपयोग झाला असता. तीच चूक पुन्हा नको.

अधिवास म्हणजे धोका नव्हे

मॉडेल सांगते, साप कुठे राहू शकतो. दंश होण्यासाठी तिथे माणूस लागतो, आणि त्याचा हात किंवा पाय चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पडावा लागतो. निर्मनुष्य सड्याला नकाशावर पूर्ण गुण मिळाले तरी तिथे दंश होणार नाही. त्याच सड्यावर बाग लावली, की चित्र बदलते.

रत्नागिरीत हेच झाले आहे. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने आंबा-काजूला मोठी चालना दिली आणि लागवड उतारांवरून कातळावर चढली. पूर्वी सुरुंग लावून खड्डे काढत, आता पोकलेनचा ब्रेकर चालतो. फोडलेला जांभा बांधाला लावून गडगा घालतात, उरलेला ढिगाऱ्यात पडतो. बाहेरून माती आणून खड्डे भरतात. कलमाच्या आळ्यात पातेरा आणि गवताचे आच्छादन. पाण्याची टाकी आली, मांगर आला, त्याबरोबर उंदीर आले. फुरशाच्या दृष्टीने आपण त्याचे घर मोडले आणि बाजूलाच गडग्याच्या फटींत दुसरे बांधून दिले.

कामाचे वेळापत्रकही पाहा. पावसाळ्यात खते आणि बेणणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवतकापणी, पुढे मोहोराच्या फवारण्या, मार्च ते मे काढणी आणि रात्रीची राखण. फुरसे निशाचर आहे. राखण करणारा माणूसही रात्रीच फिरतो. आपल्या बागांत हा माणूस बहुतेकदा नेपाळी कामगार असतो, कुटुंबासह मांगरात राहणारा, जमिनीवर झोपणारा, जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे हे माहीत नसलेला.

आणि तोच मदतीच्या बाहेर राहतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे, मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण योजना वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाला संरक्षण आहे, सड्यावर रात्र काढणाऱ्या रखवालदाराला नाही. धोक्याचा खरा नकाशा काढला, तर सर्वांत गडद ठिपका याच माणसावर पडेल. बागायतदारांनी हंगामी कामगारांचा अपघात विमा उतरवणे हा यातला सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. पिकाच्या खर्चात तो धरलाच पाहिजे.

त्याच दगडाखाली दुसरा रहिवासी

सड्यावरचे सुटे दगड काढून टाका, म्हणजे फुरसे जाईल, असे कोणी म्हणेल. इथे थांबून विचार करायला हवा.

१९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून शास्त्राला एक नवी पाल कळली. अंगावर पांढरे पट्टे असलेली, बोटाएवढी, भिंतीवर न चढता जमिनीवर वावरणारी. शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळसड्यांबाहेर जगात ती सापडत नाही. तीही दिवसा सुट्या दगडाखाली राहते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर या भागात मोकळे सडे, पडीक भातखाचरे आणि फळबागा अशी तुलना केली आणि दगडांखालचे प्राणी मोजले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ही पाल मोकळ्या सड्यांच्या मानाने रूपांतरित जमिनीत कमी आढळली.

फुरशाला पर्याय आहेत. गडगा चालतो, माळ चालतो, निम्मा भारत चालतो. या पालीला पर्याय नाही. इतक्या लहान पट्ट्यात राहणाऱ्या जातीसाठी अधिवासाचे मॉडेल फार उपयोगी असते, कारण कोणता सडा आधी वाचवायचा ते त्यातून ठरवता येते. पण सरकारी पडीक जमिनीच्या नकाशांत असे कातळ 'नापीक खडकाळ' म्हणून रंगवले जातात. ज्या जमिनीला आधीच निरुपयोगी ठरवले, तिथे काय होते हे कोण शोधणार? याच सड्यांवरची बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा झालेला विरोध सर्वांनी पाहिला. सडा म्हणजे मोकळी जागा, ही समजूत आता टिकणारी नाही. प्रकल्पांना लावतो तो निकष आपल्या बागांनाही लागू होतो, हे मान्य करायला हवे.

म्हणून माझा सल्ला असा : जिथे माणूस वावरतो तिथे दगड आवरा, जिथे वावरत नाही तिथे राहू द्या. दोन्ही एकाच बागेत जमते.

बागायतदारांनी काय करावे?

- मांगर, टाकी, पंपघर आणि पॅकिंगच्या जागेभोवती मोकळी, झाडलेली जागा ठेवा. दगडांचे ढीग, फळ्या, रिकामे क्रेट भिंतीला टेकवून ठेवू नका.
- गडग्याचा जो भाग पायवाटेला लागून आहे, तो मातीने लिंपून फटी बंद करा.
- आळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने पातेरा हलवा. बेणणी आणि गवतकापणीला गमबूट व जाड हातमोजे द्या. दगड उचलायचा तर पलीकडची कड आधी उचला, म्हणजे दगड आपल्या आणि सापाच्या मध्ये राहतो.
- राखणदाराला चांगली बॅटरी, खाट आणि मच्छरदाणी द्या. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी.
- नवी लागवड करताना सड्याचा सलग भाग न फोडता सोडा. पावसाचे पाणी साचणाऱ्या उथळ कोंडी बुजवू नका.
- बागेत साप दिसला तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि शक्य असल्यास लांबून फोटो काढा. पकडू नका, मारायला जाऊ नका. मारताना झालेले दंशही कमी नाहीत.

दंश झाल्यास

फुरसे लहान असते, बहुधा फूट-दीड फुटाचे. त्यामुळे लोक ते अंगावर घेत नाहीत. पण त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते, आणि हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकते. 'सूज थोडीच आहे' म्हणून घरी थांबू नका.

- आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवू नका.
- दंश झालेला हात किंवा पाय लाकडी पट्टीने स्थिर करा. अंगठी, कडे, पैंजण काढा. रुग्णाला चालवू नका.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्या. साप शोधत बसू नका. रक्त २० मिनिटांत गोठते का, ही साधी चाचणी डॉक्टर काचेच्या नळीत करतात आणि त्यावरून उपचार ठरवतात.
- भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. चापड्यावर ते उपयोगी नाही, तिथे लक्षणांनुसार उपचार होतात.

हंगाम सुरू होण्याआधी एक काम नक्की करा. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे स्वतः जाऊन विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. तो दवाखाना कुठे आहे हे राखणदाराला दिवसा दाखवून आणा आणि नंबर मांगराच्या दारावर लिहून ठेवा.

जिल्ह्याचा नकाशा यथावकाश बनेल. तो बनवणाऱ्यांनी सड्यावर येऊन, इथल्या माणसांना विचारून बनवावा, आणि सापाच्या जागांबरोबर माणसाच्या जागाही त्यात भराव्यात. तोवर आपल्या बागेचा नकाशा आपणच काढू शकतो. कागदावर बाग काढा, गडगे, ढीग, टाकी, मांगर, पायवाटा दाखवा, आणि रात्री माणूस कुठून कुठे चालतो ती रेघ लाल पेनने ओढा. ती रेघ जिथे दगडांच्या ढिगाला लागून जाते, तिथे उद्या सकाळी कामाला सुरुवात करा.